भिकुबाई मोडून बघते

धुळ्याच्या गल्ली नंबर चारमध्ये, एका सायकल दुकानाच्या माडीवर, १९९२ साली एक गारेगार खोली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, दारावर पाटी, 'सज्जन कॉम्प्युटर्स'. मालक सुभाषचंद शेठ. बापाचा कापडाचा धंदा भावाकडे सोपवून त्याने हा उद्योग मांडला होता, आणि पाटीवर आईचं, सज्जनबाईचं, नाव घातलं होतं. त्या खोलीचा एकच कडक नियम होता: आत धूळ येता कामा नये. कॉम्प्युटरला धुळीचं वावडं, आणि गावाचं नावच धुळे. म्हणून भिकुबाईला कामावर ठेवलं होतं.

भिकुबाई साक्रीकडची. सातवी पास. नवरा मिलमध्ये होता. मिल बंद पडल्यापासून तो लोटगाडीवर केळी विकायचा. भिकुबाई सकाळी आठला यायची, झाडायची, पुसायची आणि दिवसभर दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावायची. एकदा बूट घालून आत निघालेल्या फौजदारालाही तिने हाताने अडवलं होतं. फौजदाराने बूट काढले. मोज्याला भोक होतं.

अशी ही बाई. आता तिने कॉम्प्युटरला हात कसा लावला, ते ऐका.

एका सकाळी प्रोग्रॅम लिहिणारा पितांबर चहाला खाली गेला होता. पितांबर नशिराबादचा, सव्वीस वर्षांचा, जळगावला डिप्लोमा केलेला, हुशार आणि त्या हुशारीचा पुरता जाणता. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याला दाखवायचा केसपेपरचा प्रोग्रॅम त्याने चालू ठेवला होता. भिकुबाईने नेहमीसारखं ओलं फडकं घेतलं आणि कीबोर्डवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडला, यंत्र दोनदा कोकललं आणि गप्प झालं. मग काही केल्या हलेना.

पितांबर वर आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. अडाणी बाई, चार महिन्यांची मेहनत, कोणी हात लावायला सांगितलं होतं, वगैरे. भिकुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग फडकं पिळत म्हणाली,

"भाऊ, दवाखान्यात काय फडकं मारणार नाहीत का? तिथली बाई माझ्यापेक्षा शहाणी असेल असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शेठ दारात उभा होता. त्याला हसू फुटलं. व्यापाऱ्याचं पोर ते, कापड विकण्याआधी दोन्ही हातांनी ताणून बघायची सवय घरातलीच. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तोच प्रोग्रॅम उघडला आणि स्वतःचं कोपर कीबोर्डवर टेकवलं. पुन्हा तसंच. मग पितांबरकडे वळून एवढंच म्हणाला की दवाखान्याची तारीख दोन दिवस पुढे ढकलतो, आणि दोन दिवसांनी आधी भिकुबाई फडकं मारेल.

दोन दिवसांनी तिने फडकं मारलं. प्रोग्रॅम टिकला. भिकुबाईला आतून असं काही वाटलं की घरी जाताना तिने नवऱ्याच्या गाडीवरचं केळं पैसे न देता खाल्लं.

तिथून तो पायंडाच पडला. सज्जन कॉम्प्युटर्समधून कुठलाही प्रोग्रॅम भिकुबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जाईना. फडकं लवकरच मागे पडलं. मशीनमध्ये मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेलं होतं, त्यामुळे पडद्यावरचं तिला वाचता यायचं. पेशंटचं वय ती दोनशे टाकायची. नावाची जागा कोरी सोडायची. एकाच माणसाला एका दिवशी दोनदा मेलेला दाखवायची. पितांबर चिडायचा, म्हणायचा, असं कोण करतं? ती म्हणायची, माझा चुलता करतो. त्याला वय विचारा, तो सांगतो मोठ्या पुराच्या साली जन्मलो. आता टाका ते तुमच्या चौकटीत.

ती चुका शोधते, हे शेठला कळलं होतं. ती माणसं ओळखते, हे कळायला पितांबरला आणखी एक वर्ष लागलं.

ते वर्ष आलं कळमदरच्या कामाने.

त्र्याण्णवच्या गणपतीनंतर रुपचंद आबा जिना चढून वर आले. धोतर, काळी टोपी, हातात बूट. दाराशी बसलेल्या भिकुबाईकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"उखर्डू बाबानी आंडेर शे ना व तू?"

भिकुबाई उभीच राहिली. उखर्डू पाटकऱ्याची लेक म्हणून तिला हाक मारणारं माणूस धुळ्यात वीस वर्षांत भेटलं नव्हतं. कळमदर हे तिचं माहेर. साक्रीपासून आत, पांझरेच्या काठावर. तिथे नदीला जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखाली फड. फड म्हणजे सगळ्यांच्या शेतांचा एकच मोठा तुकडा, सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कोणी स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी प्रत्येक शेताला पाळीप्रमाणे पाणी देणार. ना सरकार, ना साहेब. आमच्या बापजाद्यांनी शेकडो वर्षं चालवलेला कारभार आहे हा.

आबा त्या गावच्या पाणी मंडळाचे अध्यक्ष. एका ट्रस्टने मंडळाला कॉम्प्युटर देऊ केला होता. पाळीचा सगळा हिशेब वना पाटकऱ्याच्या डोक्यात. वना थकला होता, आणि वरच्या शेतांचे धनी त्याला दमदाटी करून दोनदा पाणी घ्यायचे. खालच्या टोकाचे बोंबलत राहायचे. आबांना हवं होतं ते इतकंच: रोज सकाळी त्या दिवशीच्या पाळीचा कागद छापून चावडीच्या भिंतीवर लागावा. कोणाला आज पाणी, हे कोणाच्या डोक्यात नको, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवं. भांडण मिटावं म्हणून मंडळाने ठरावही केला होता. एकदा कागद लागायला सुरुवात झाली की हंगाम संपेपर्यंत त्यात फेरफार नाही, कागद सांगेल ते शेवटचं.

पितांबरने काम समजून घेतलं, वही मिटली आणि सांगितलं, चार महिने लागतील. जानेवारीअखेर पूर्ण प्रोग्रॅम घेऊन येतो, तोवर कोणी मध्ये लुडबुड करू नका.

भिकुबाई दाराशी बसून ऐकत होती. तिला राहवेना. जानेवारीअखेर म्हणजे गव्हात दाणा भरायची वेळ. तेव्हा पहिल्यांदा कळणार की प्रोग्रॅम चालतो की नाही? ती उठून आत आली आणि शेठच्या टेबलासमोर उभी राहिली.

तिने बापाची गोष्ट सांगितली. उखर्डू बाबा नवी चारी काढायचा तेव्हा सगळी खोदून मग पाणी कधीच सोडायचा नाही. दहा हात खोदायची, थोडं पाणी सोडायचं, कुठे फुटतं, कुठे तुंबतं ते बघायचं, ते बुजवायचं, मग पुढचे दहा हात. गावातला एक ओव्हरसियर त्याला हसला होता. त्याने स्वतःची चारी सलग खोदली. पाणी सोडलं तेव्हा ते शेताऐवजी मारुतीच्या देवळात शिरलं.

"दहा हात करा, भाऊ. दर बुधवारी कळमदरचा बाजार असतो, सगळं गाव हजर असतं. तेवढ्याची फ्लॉपी घेऊन जाऊ. लोकांना मोडू द्या. मग पुढचं."

पितांबर म्हणाला की प्रोग्रॅम म्हणजे काही चारी नाही. शेठ म्हणाला, बुधवारी सकाळची एस.टी. कितीला आहे?

पुढे म्हणे, मोठमोठ्या शहरांत याच पद्धतीला झोकदार इंग्रजी नाव मिळालं आणि ती शिकवायला लोक विमानाने येऊ लागले. येऊ देत. पांझरेच्या काठी ती उखर्डू पाटकऱ्याच्या फावड्यावर चालत होती.

बुधवार सुरू झाले, आणि काय बुधवार होते ते. चावडीच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच्यावर आबांच्या सुनेने विणलेली झालर, बाहेर मेथी, मिरची आणि बांगड्यांचा बाजार. पहिल्या बुधवारी फ्लॉपीत नुसती त्रेसष्ट शेतांची यादी होती, तलाठ्याच्या गट नंबरप्रमाणे. वना पाटकऱ्याने पडद्याकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. पाण्याला गट नंबर कळत नाही. पाणी तोंडापासून टोकाकडे जातं. पहिलं शेत ते एक, शेवटचं ताईबाईचं ते त्रेसष्ट. यादी फिरवावी लागली. ही चूक चार महिन्यांनी कळली असती तर सगळा प्रोग्रॅम फिरवावा लागला असता, हे पितांबरला कळलं. कबूल मात्र केलं नाही.

दुसऱ्या बुधवारी शेतांची रुंदी आली, तिसऱ्या बुधवारी पाणी किती वेळ. चौथ्या बुधवारपासून गावाला चटकच लागली. पिशव्या भिंतीला टेकवून लोक खिडकीत उभे राहायचे. "आज काय मोडं व माय?" म्हणून बांगडीवाली आधी भिकुबाईला विचारायची आणि मग गिऱ्हाइकाला. कौतिक नाना, मंडळाचे सेक्रेटरी आणि दोन नंबरच्या शेताचे धनी, रोज सकाळी कागद छापायचं काम त्यांच्याकडे येणार होतं. म्हणून ते खुर्चीत बसून एका बोटाने टकटक करायचे, आणि भिकुबाई मागून सांगायची, नाना, आता चुकीचं दाबा. नानांना मुद्दाम चुकायचं म्हणजे अपमान वाटायचा. न सांगता मात्र ते भरपूर चुकायचे, आणि तेच भिकुबाईला हवं असायचं.

तिची लाल पुठ्ठ्याची वही होती. जे मोडलं ते त्यात. खूण, तारीख, काय दाबलं, काय झालं. आणि नवी फ्लॉपी आली की ती पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा मोडून बघायची. यावर पितांबर जळफळायचा. म्हणायचा, अहो, ते गेल्या महिन्यात दुरुस्त केलं, पुन्हा काय बघता? तिने त्याला एकदा पाटावर नेलं आणि खेकड्याचं बीळ दाखवलं. इथे बुजवलं की खेकडा तिथे उकरतो. तिचा बाप रोज सकाळी अख्खा पाट चालायचा, नुसता नवा तुकडा नाही. पितांबर हसला. पुढच्याच बुधवारी शेताच्या रुंदीचा हिशेब नीट करताना दोन महिन्यांपूर्वीची नावं उलटीपालटी झालेली भिकुबाईच्या चौथ्या ओळीने पकडली. त्यानंतर तो हसला नाही. उलट एस.टी.त तिच्यासाठी खिडकी धरायला लागला.

अशा रीतीने चौदावा बुधवार आला. जानेवारीचा दुसरा आठवडा. गहू फुलोऱ्यावर, नदी आटत आलेली. बंधाऱ्यात पाणी इतकं कमी की संध्याकाळी पाट बंद करायचा, पहाटेपर्यंत बंधारा भरू द्यायचा आणि दिवसा सोडायचा. दिवसाला कशीबशी वीस-बावीस शेतं भिजायची. कागद उद्यापासून लागणार होता. भिकुबाईने वहीतल्या बासष्ट ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोडून पाहिल्या. एकही मोडली नाही. आबांनी पेढे वाटले. ताईबाई, त्रेसष्ट नंबरची, साठीची एकटी बाई, तिने भिकुबाईच्या हातात पेढा ठेवून विचारलं,

"मना वावरमा पानी कवय ई?"

भिकुबाईने पडद्यावर बघून सांगितलं, तीन दिवसांत पाणी येईल. ताईबाईने पडद्याला नमस्कार केला.

दुपारच्या एस.टी.ने दोघं निघाले. भिकुबाई खिडकीशी, अंगात वारं भरल्यासारखी. पितांबर शीळ घालत होता. नेरच्या अलीकडे रस्त्याला लागून कोणाचं तरी शेत होतं. पाणी बंद करून एक म्हातारा निघायच्या बेतात होता. त्याने वाकून बांधावर एक बाभळीची काठी रोवली, तिला चिंधी बांधली आणि खांद्यावर फावडं टाकून चालू लागला.

भिकुबाईने मान वळवून ती काठी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

तिचा बाप रोज संध्याकाळी हेच करायचा. पाणी जिथे थांबलं त्या बांधावर काठी. दुसऱ्या दिवशी काठीपासून पुढे. ती पोर असताना कितीदा तिनेच चिंधी बांधली होती. मग कॉम्प्युटरमध्ये काठी कुठे होती?

तिने वही उघडली, एक एक ओळ वाचली. एकाही ओळीत दुसरा दिवस नव्हता. ते दर बुधवारी जायचे, नवी फ्लॉपी घालायचे, एक नंबरपासून पाळी लावायचे, मोडायचे आणि घरी यायचे. धुळ्यातही तसंच. चौदा बुधवार झाले, आणि प्रत्येक बुधवार हा त्या प्रोग्रॅमचा पहिलाच दिवस होता.

तिने पितांबरला विचारलं, उद्या पाणी एकवीसवर थांबलं, तर परवाचा कागद कुठून सुरू होईल? पितांबरची शीळ थांबली. त्याने डोळे मिटले, ओठ हलवत मनातल्या मनात प्रोग्रॅम वाचला. मग हळूच म्हणाला, एकपासून. आणि लगेच म्हणाला की पुढच्या बुधवारी करू, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढचा बुधवार नव्हताच. उद्या कागद लागला की ठराव लागू. रोज सकाळी एक नंबर, रोज संध्याकाळी एकवीस. बावीसपासून त्रेसष्टपर्यंत थेंब नाही, आणि कागद सांगेल ते शेवटचं. ताईबाईला तिने स्वतःच्या तोंडाने तीन दिवस सांगितले होते.

भिकुबाई उठली आणि तिने घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, इथे थांबा नाही. ती म्हणाली, मग चालत्या गाडीतून उतरते, पोलिसांना नाव तुमचं सांगते. गाडी थांबली. ती उतरली. मागे न बघता साक्रीच्या दिशेने तोंड करून उभी राहिली. मागून दाणकन आवाज आला. पितांबरने आपली ब्रीफकेस खाली टाकली होती आणि तिच्यापाठोपाठ उडी मारली होती.

रिकाम्या टोपल्यांच्या टेम्पोत मागे बसून दोघं कळमदरला परतले, तेव्हा ऊन कलतीला आलं होतं आणि बाजार उठत होता. चावडीच्या भिंतीवर उद्याचा कागद लागलेला. कौतिक नानांनी हौसेने त्याला हार घातला होता. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. भिकुबाईने वना पाटकऱ्याला हाक मारली आणि विचारलं, आज पाणी कुठे थांबलं?

वना म्हणाला, एकवीसच्या बांधावर.

काठी कुठे आहे? तिथेच. मग उद्या पाणी कोणाला? बावीसला. वना तिच्याकडे असा बघत होता, जणू तिला ऊन लागलं असावं.

"आणि कागदावर कोण आहे?"

वनाला वाचता येत नव्हतं. खिडकीतल्या एकाने वाचून दाखवलं. चावडीत बघता बघता माणसं भरली. भिकुबाईने नानांना खुर्चीवरून उठवलं, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला, तारीख एक दिवसाने पुढे नेली आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटर कर्र कर्र करत बोलला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. तिने तारीख आणखी पुढे नेली. पुन्हा एक, दोन, तीन. चार दिवसांचे चार कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी मांडले. कोणालाही अक्षर वाचायची गरज उरली नाही. चारही सारखेच होते.

मागे ताईबाई उभी होती. ती नुसती खाली बसली.

कौतिक नानांनी घसा साफ केला. म्हणाले, ठराव सगळ्यांच्या सह्यांचा आहे, यंत्र आपण विचार करून आणलं आहे, आणि यंत्राला काही नातं नाही की गोतं नाही.

"कॉम्प्युटर सांगस ते खरं," नाना म्हणाले.

भिकुबाईचं डोकं तापलं. दोन नंबरच्या धन्याला खरं वाटायला काय जातं? तोंडावर आलेलं तिने तोंडातच धरलं, कारण पितांबर पुढे आला होता. ज्या माणसाने चार महिने आपल्या चुकीला चूक म्हटलं नव्हतं, तो शंभर माणसांसमोर म्हणाला,

"कॉम्प्युटर नाही सांगत, नाना. मी सांगितलेलं तो सांगतो. चूक माझी आहे. पण मला काठीचं कोणीच कसं नाही सांगितलं?"

सगळे वनाकडे बघायला लागले. वना गोंधळला.

"हाई काय सांगानी गोट शे का? बठ्ठासले माहीत शे."

खरंच, सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की चौदा बाजारांत एकाच्याही तोंडून निघालं नाही. वनाच्या नाही, आबांच्या नाही. आणि जिच्या हाताने काठीला चिंधी बांधली गेली, तिच्याही नाही. ते भिकुबाईला सर्वांत जास्त झोंबलं. तिने वही उघडली आणि तिथेच उभ्याने त्रेसष्टावी ओळ लिहिली. 'दुसरा दिवस.'

रुपचंद आबा उठले. भिंतीपाशी गेले. हार काढून नानांच्या हातात दिला आणि कागद सोलून काढला. ठरावात लिहिलं आहे, कागद लागला त्या सकाळपासून, ते म्हणाले. अजून सकाळ झालेली नाही. नाना म्हणाले, आबा, हे बरोबर नाही. आबा म्हणाले, नाना, तुमच्या गव्हाला आजच पाणी मिळालं आहे, जरा दमानं घ्या. खिडकीत हशा पिकला आणि नानांचं बळ त्यातच वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पाणी काठीवर चाललं, आणि पितांबर चावडीत कॉम्प्युटरवर. तो पाच मिनिटं म्हणाला होता, त्याला दुपार झाली. त्याने एक नवी चौकट केली: 'आज पाणी कुठे थांबलं?' वनाने सांगायचं, नानांनी टाकायचं, उद्याचा कागद तिथून पुढे. तयार झाल्यावर तो खुर्चीवरून उठला आणि भिकुबाईसाठी ती मागे ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिला बाई म्हटलं नाही.

"अक्का, मोडून बघा."

आणि मग जे झालं ते बघायला हवं होतं. गुरुवार असून गाव बाजारासारखं जमलं. भिकुबाई एकवीस म्हणाली, कागद बावीसपासून निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, थांबा, टाळ्या राखून ठेवा. तिने शून्य टाकलं, नव्वद टाकलं, काहीच न टाकता बटण दाबलं. नव्वदला प्रोग्रॅमने निमूट मान्यता दिली. पितांबर कपाळावर हात मारून बसला आणि दुरुस्त केलं. मग तिने त्रेसष्ट टाकलं. कागदावर पहिलं नाव आलं चौसष्ट नंबरचं, पुढे कोरं.

"चौसष्ट कोण शे?" वनाने विचारलं.

"नदी," कोणीतरी मागून म्हणालं, आणि चावडी हसून लोटपोट झाली. पितांबरही हसला, हसत हसतच त्याने त्रेसष्टनंतर एक आणलं. मग भिकुबाई पहिल्या ओळीकडे वळली आणि जुन्या बासष्ट ओळी पुन्हा मोडायला बसली. या वेळी पितांबर तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि तिला ओळी वाचून दाखवू लागला. अडतिसाव्या ओळीला गावची वीज गेली. पडदा काळा. सगळ्यांच्या तोंडून हाय निघाली. भिकुबाईच्या डोळ्यांत मात्र चमक आली. हे तिच्या वहीत नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. पाऊण तासाने वीज आली. तिने उघडलं. आज पाणी कुठे थांबलं? एकवीस, असं पडद्यावर तसंच होतं. पितांबरने तिच्याकडे पाहिलं आणि वहीत स्वतःच्या हाताने चौसष्टावी ओळ लिहिली, वीज जाणे, आणि पुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळी वना पाटावरून आला. पाणी एक्केचाळीसवर थांबलं होतं. नानांनी जरा आंबट तोंडाने, पण नीट, एक्केचाळीस टाकलं.

शुक्रवारी सकाळी कागद लागला. या वेळी हार नव्हता. आबांनी पहिलं नाव मोठ्याने वाचलं, बेचाळीस नंबर, आणि सगळं गाव कागद सोडून फडाकडे निघालं. पाटाच्या काठाने रांगच लागली, पुढे वना, मागे भिकुबाई, तिच्यामागे चपला हातात घेतलेला पितांबर, कारण दहिवराने बांध निसरडे झाले होते. एक्केचाळीसच्या बांधावर बाभळीची काठी उभी होती, चिंधी ओलसर. भिकुबाईने हातातला कागद पाहिला, काठी पाहिली. पुन्हा कागद, पुन्हा काठी.

वनाने काठी उपटली आणि चारीचं तोंड उघडलं. पाणी बेचाळीसमध्ये शिरलं.

त्या दिवशी भिकुबाई आणि पितांबर धुळ्याला गेले नाहीत. शेठला पोस्टातून फोन केला, दुपार होईपर्यंत लागेना, लागला तेव्हा भिकुबाईने एवढंच सांगितलं की खोली कोणाकडून तरी झाडून घ्या. मग ती फडाच्या टोकाला, ताईबाईच्या शेताच्या बांधावर जाऊन बसली. शेवटचं शेत, तिथपर्यंत पाणी हळूहळू येतं, आधी माती काळी होते, मग चमकते. ऊन उतरायला लागलं तेव्हा ते आलं. ताईबाईने लुगडं खोचून पाण्यात पाय ठेवला आणि गव्हाच्या ओंब्यांवरून हात फिरवला.

वनाने त्रेसष्टच्या बांधावर काठी रोवली आणि भिकुबाईपुढे चिंधी धरली. तिने ती बांधली. मग उठली, वही काखेत मारली आणि झपझप चावडीकडे निघाली. त्रेसष्ट टाकल्यावर उद्याचा कागद एकपासून निघतो की नाही, हे तिला आता खऱ्या पाण्यावर बघायचं होतं.